सतरावं वळण

झ्देन्काबाईंनी दोन्ही ब्रोशर टेबलावर पालथी ठेवली
आणि चष्मा काढला.
मी पुन्हा सांगितलं: हे एक लिटरचं, तीन सिलिंडर,
गावात, सपाटीला, बाजारहाटाला पुष्कळ.
आणि हे दीड लिटरचं, टर्बो;
ह्याला व्हर्शिचचा घाट म्हणजे अंगण.
फरक अडीच हजार युरोंचा.
दोनवर मी आलो असतो.

"पन्नास वळणं आहेत," त्या म्हणाल्या,
जणू मी इथला नव्हेच.
"जुनी गाडी सतराव्याला धापा टाकायची.
त्सिरिल बॉनेट उघडायचा, दगडावर बसायचा,
मी नासपती कापायचे.
म्हणायचा, इंजिन तापलंय, थांबू जरा.
शेवटची सहा वर्षं, दर खेपेला."

बाहेर पोरगा गाड्या धूत होता.
पाण्याचा आवाज आला, थांबला.

"तो गेल्यावर एकटीनं नेली ती,
ऑगस्टात, भर उन्हात.
काटा अर्ध्यावरसुद्धा आला नाही.
सतरावं मागे पडलं
आणि मग कळलं
धाप कोणाला लागायची."

टॉर्कचा आकडा माझ्या ओठांवर होता,
गिळला.
म्हटलं, मग मोठंच घ्या, बाई,
चढाला जोर हवा.

त्यांनी लहानाच्या कागदावर सही केली,
सावकाश, पूर्ण नावानिशी.
"आता मलाही लागते," म्हणाल्या.
"शेजारी नात असते.
तुमच्या त्या टर्बोत बसून
मी कोणाचं नाव पुढे करू?"