प्लॉट नंबर तेवीस

साक्री रोड सोडून आत, निमखेड्याच्या तलावाशी
रिक्षातून उतरलो, तर तलाव दिसेना.
"तो काय!" सुदर्शनने बोट लांब केलं
आणि बोटाच्या टोकाला निघाली
भेगाळलेली माती, तिच्या मधोमध
परातीच्या तळाला उरलेल्या आमटीएवढं पाणी.
त्याच्या रंगीत कागदावर मात्र तलाव निळाशार,
त्यात होडी, होडीत दात दाखवणारं जोडपं.

आखाजी होती. टोकन द्यायला बरा दिवस.

फक्कीच्या रेषा ताज्या होत्या.
तीस बाय पन्नास, तीस बाय पन्नास,
कबड्डीची मैदानं आखून ठेवलीत
आणि गडी अजून यायचेत, असं काहीसं.
हे सरळ आत चालत गेले.
मी चप्पल बाहेर काढली.
बाहेर म्हणजे कुठे, ते विचारू नका.

सात घरं झाली आमची दोंडाईच्यात.
सातही मालकांची एकच अट :
भिंतीला खिळा ठोकायचा नाही.
कॅलेंडर खिडकीच्या गजाला,
सासऱ्यांचा फोटो फळीवर, डब्यांना टेकवून.
नयना उधन्याहून फोनवर हसते,
"आई, यंदा आखाजीला कोणत्या घरी येऊ?"
हसते, म्हणून मीही हसते.

"इथे ओटा," मी म्हटलं.
"तिथे ऊन येईल," हे म्हणाले.
"येऊ दे की."
मग मोरीवरून थोडं वाजलं आमचं,
भर उन्हात, नसलेल्या मोरीवरून.

बावीस नंबरातून एक गृहस्थ आले
आणि रेषेवर पाय पडताच थबकले.
"माफ करा भाभी, तुमच्या भिंतीतून आलो."
युनूस पिंजारी, शिरपूरचे, गाद्यांचं दुकान.
त्यांची शमीम मागेच उभी होती,
तिच्या दारात असावी, अशी.
थर्मासातला चहा चार झाकणांत झाला.
ती म्हणाली, तुमचा ओटा आणि माझा ओटा
पाठीला पाठ आहेत, कांदा संपला तर भिंत वाजवा.
कोपऱ्यातला निम आमच्या हद्दीत की रस्त्याच्या,
यावर सुदर्शन काही बोलेना.
कोपऱ्याचे चाळीस हजार जादा त्याने आधीच धरले होते.
झोका बांधता येईल अशी एक फांदी होती, आडवी.
मी ती दोनदा पाहिली. कुणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात शेळ्या आल्या,
सगळ्यांच्या हॉलमधून, देवघरांतून, जिन्यांखालून,
आणि त्यांच्या मागे दगा भोई,
तलावाच्या कोरड्या पोटात डांगरवाडी करणारा.
"दादा, पानी कितलं येस आठे?"
माहेरची भाषा तोंडात आली आपोआप.
"येस तवय येस," तो म्हणाला,
"एक सालले आठेलगून व्हतं,"
आणि हात गुडघ्याला लावला
माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून.

सुदर्शन म्हणे, ते जुनं झालं, आता भराव टाकलाय.
युनूसभाईंनी टोपी काढून घाम पुसला.
हे कागदाच्या मागे हिशेब करू लागले :
जोतं तीन फूट की साडेतीन.
साडेतीन, मी म्हटलं.
विटा, मुरूम, मजुरी, सगळं वाढेल, हे म्हणाले.
वाढू दे. ओट्याचा संगमरवर नको मग, कडप्पा चालेल.
दगाने जाताना एक डांगर दिलं, पैसे घेतले नाहीत.
"घागरवर ठेवा, आज सण शे."
तलावाच्या तळाचं ते फळ
सुताच्या जाळीसारखं, ऊन लागून कोमट.

अकरा हजार मोजले. पावतीवर माझं नाव घातलं.
यांनीच घालायला लावलं, आणि दुसरीकडे पाहत राहिले.

निघताना कोपऱ्यातली लोखंडी खुंटी हलताना दिसली,
लाल रंगाने तेवीस लिहिलेली.
शेळीचा धक्का असेल.
मी दगड शोधला, पदर खोचला
आणि ठोकली, चांगली आत जाईपर्यंत ठोकली.
"अहो, रिक्षावाला थांबलाय," हे ओरडत होते.
थांबू दे.
सत्तावीस वर्षांनी हात लागला होता खिळ्याला.