उतार

माझा नवरा नोल्बेर्तो फळीएवढ्या खोलीत बसून
टेकडीवर चढणाऱ्या डब्याची तिकिटं फाडतो.
एकतीस वर्षं.
लोक वर जातात, लोक खाली येतात,
हा बसलेला.
वाल्पाराइसोत पाय असलेला चढतो,
पैसे असलेला डब्यात बसतो.
हा कर्मचारी म्हणून फुकटात घरी यायचा.

डॉक्टरीणबाई विशेष काही बोलल्या नाहीत.
वजनकाट्याकडे पाहिलं, मग याच्याकडे,
मग खिडकीबाहेरच्या जिन्याकडे.
तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून स्वारी पायऱ्यांनी.
किती आहेत विचारू नका, रोज वेगळा आकडा सांगतो.
मध्येच प्रोस्पेरिनाबाई गॅलरीतून हाक मारतात
आणि मोजणी चुकते.
पहिल्या आठवड्यात निळ्या पत्र्याच्या घरापाशी धाप,
तिसऱ्यात लिंबाच्या कुंडीपाशी,
मग थेट आमच्या उंबऱ्यात.
तिथली धाप घरचीच म्हणायची.

आणि पाव.
आमचा पाव चार तुकड्यांचा, जोडलेला,
भट्टीतूनच मोडायच्या रेघा घेऊन येतो.
संध्याकाळच्या चहाला हा चारही संपवायचा,
वर कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो, मीठ.
आता तीन.
चौथा खिशात.
"सोडला," म्हणायचा छाती फुगवून.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
पोटाच्या पुढे छाती दिसली.

मी शिवणकाम करते, टेप खोटं बोलत नाही.
मार्चमध्ये पँट बोटभर आत घेतली,
ईस्टरनंतर अजून दोन बोटं.
कापलेल्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.
का, ते माहीत नाही.
टाकवल्या नाहीत.

जुलैच्या थंडीत चौथ्या तुकड्याचं कळलं.
जिन्याच्या वळणावरचा पिवळा कुत्रा
टरबूज झाला होता.
गल्ली त्याला 'क्वार्तो' म्हणू लागली होती, म्हणजे चौथा;
मलाच तेवढं ठाऊक नव्हतं.
म्हणजे नवऱ्याचं वजन कुठे गेलंच नव्हतं,
गल्लीतच होतं,
चार पायांवर.

मी बोलले. बरंच बोलले.
आता दोघं मिळून चढतात,
मध्ये थांबतात.
कोण कोणासाठी थांबतं
ते दोघंही सांगत नाहीत.

साखर दोन चमच्यांवरून एकावर, एकावरून अर्ध्यावर,
रात्रीचं ताट बशीएवढं.
शेजारणींना सांगण्यासारखं इतकंच.

एक सांगितलं नाही.
आमच्या गादीत त्याच्या बाजूला खड्डा होता.
सत्तावीस वर्षं मी कडेला झोपले
आणि झोपेत घरंगळत त्याच्यापाशी पोचले.
भांडण असो, ताप असो,
मुद्दाम पाठ फिरवून झोपले तरी
पहाटे नाक त्याच्या खांद्यात.
मला वाटायचं, प्रेम.
उतार होता.

आता गादी वर येते आहे.
जाग येते तेव्हा मी जिथे झोपले तिथेच,
आणि पलीकडे हा,
कमी जागा व्यापून,
न घोरता.

पहिल्या रात्री छताकडे बघत राहिले.
दुसऱ्या रात्री कोपरावर भार देऊन
वीतभर सरकले.
काल दोन विती.
धाप लागते थोडी.
होईल सवय.