दहा सेंटिमीटर

संध्याकाळी साडेसातला मी पेटी उचलतो.
पाना, दोन पेचकस, तेलाची कुपी, खडूचा तुकडा.
जिन्याचा कठडा आधी. दोन्ही हातांनी गदागदा हलवतो.
गप्प राहिला तर पुढे.

नारीनची थंडी खिळे वर काढते,
लाकूड आक्रसतं, फरशीला कडा फुटतात,
आणि चव्वेचाळीस मुलं मोज्यांवरच पळतात
कितीही सांगा.

स्वयंपाकघराला अर्धं दार आहे, आतून कडीचं.
सायकाल भाजली तेव्हा नव्हतं.
किटलीची वायर ओट्यावरून लोंबत होती
एवढीशी, मांजराच्या शेपटीसारखी.
कुणालाही ओढावीशी वाटली असती.
तिच्या मानेवरचा डाग तिच्याबरोबर वाढतोय.
दाराला मी दरसाल नवा रंग देतो.

बॉयलरची किल्ली माझ्या गळ्यात.
धुराची भीती नाही, तो दिसतो.
न दिसणाऱ्यासाठी धुराड्याच्या तळाशी आरसा धरायचा:
आरशात आभाळाचा तुकडा आला
की मुलं सकाळी उठणार.

डोळ्यांत तेल घालून बघत जा, कालिपा-एजे म्हणतात.
मी बिजागऱ्यांत घालतो.

वरच्या मजल्याच्या खिडक्या दहा सेंटिमीटर उघडतात.
साखळ्या माझ्याच हातच्या.
बिश्केकहून आलेल्या बाईंनी पट्टी लावून मोजलं,
रकान्यात खूण केली, चहा घेतला, गेल्या.
दहा सेंटिमीटरमधून डोकं जात नाही.
डोकं जात नाही म्हणजे मूल जात नाही.

एर्मेक सात वर्षांचा.
तीन सकाळी त्याच्या खिडकीचा स्क्रू ढिला सापडला.
चौथ्या सकाळी स्क्रू चौकटीवर नीट काढून ठेवलेला,
शेजारी चमचा, टोकाला वाकडा.
खाली दोन मजले
आणि मीच बर्फ झाडून लख्ख केलेला सिमेंटचा चौथरा.

मी स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत केलं.
खाट दुसऱ्या भिंतीला नेली.
चमचे मोजून द्यायला लागलो.

पाचव्या रात्री अडीच वाजता
रेडिएटरवर खुर्ची, खुर्चीवर एर्मेक,
फटीतून खांद्यापर्यंत बाहेर गेलेला हात.

ओरडलो नाही.
ओरडलं की मूल दचकतं, दचकलं की खुर्ची सरकते,
हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.
शेजारी जाऊन उभा राहिलो, खुर्चीचा पाय माझ्या पायाने दाबून.
काय दिसतं रे?

दिवे, तो म्हणाला. दोलोनकडून येणारे.
मोठे दोन असले तर ट्रक.
आई कझानहून आली तर मार्शरूटकाने येईल ना?
आणि तिला कसं कळेल कुठली खिडकी?

हाताला इतकी थंडी लागली होती
की बोटं मिटता येत नव्हती त्याला.

सकाळी खालचं कोठार उघडलं.
बटाट्याची पोती काढली. काचेला जाड कागद चिकटवलेला होता, खरवडला.
बाक केला, गुडघ्याएवढा, जमिनीला चार बोल्टांनी जखडला.
बसून पाहिलं. रस्ता दिसेना.
मध्ये कोळशाचा ढीग, सबंध हिवाळ्याचा.

तो हलवायला दोन दिवस गेले. एकटाच होतो.
कमरेचं विचारू नका.
वहीत त्याला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहिलं: कोळसा हलवला.
कालिपा-एजेंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, सही केली.

आता रात्री जेवणानंतर अर्धा तास
बाकावर तिघं बसतात, कधी पाच.
बेगिमायला गाड्यांचे आवाज ओळखता येतात म्हणे.
परवा एक दिवा फाटकापाशी थांबला
आणि सगळे उठून उभे राहिले.
दूधवाला होता, चाक बदलत होता.

वरच्या स्क्रूला त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.
मी रोज पेचकस लावून बघतो.
चमचा पेटीतच आहे, तसाच वाकडा.