खाकी कव्हर

अठराशे रुपये. शाळेत पोरं एकवीस.
मी खडेबाजारात उभा, यादी घामानं मऊ झालेली,
मागं कांद्याचा हातगाडा, हॉर्न,
आणि दुकानाच्या पाटीवर वर गोल अक्षरं, खाली आमची,
आमच्यातल्या एका कान्याचा रंग उडालेला.

बसलिंगाप्पा चष्मा कपाळावर चढवतो,
"कितवीची देऊ, मास्तर?"

इथंच अडतं माझं.
इयत्ता काय, हजेरीपत्रकात छापलेलीच असते.

सातेरी सातवीत आहे.
सायकलची चेन डोळे मिटून बसवतो,
म्हशी पाण्यात घालतो आणि बाहेरही काढतो,
खरं जोडाक्षर दिसलं की खोकतो.
दर वेळी. इतका अस्सल खोकला, की
पहिलं वर्षभर मी घरनं आल्याचा काढा आणून पाजला त्याला.
त्याला हवंय पहिलीचं पुस्तक.
पहिलीच्या पुस्तकात असतो ससा, सशाच्या हातात फुगा,
आणि सातेरीनं ससे सोललेत.

बायजा झोरे, गवळीवाड्यावरची. तिसरी.
खताचं पोतं वाचते, औषधाच्या खोक्यातला
घडीचा कागद वाचते, माझ्या खिशातलं बसचं तिकीट मागून घेते.
मागच्या आठवड्यात म्हणाली,
"सर, मुदतबाह्य म्हणजे मेलेलं काय?"

आणि मल्लव्वा. आईबाप वीटभट्टीवर, गोकाककडून आलेले.
पाढे कानडीत म्हणते, उत्तर आमच्या पाटीवर लिहिते, बरोबर.
तिला ळ फार आवडतो.
म्हणते, हा आमचाच, तुमच्याकडं राहायला आलाय.

शिडीवरून आधी धूळ उतरते, मग पुस्तकं.
मी ओळीतले शब्द मोजतो,
चित्रावर तळवा ठेवून बघतो, त्याच्याशिवाय गोष्ट चालते का.
एक जाडजूड परत करतो:
त्यातली सगळी पोरं लिफ्टनं घरी जातात.
एक ठेवून घेतो: विहिरीवरची मोटर उघडून दाखवलीय,
वाक्यं चार-चार शब्दांची,
स्क्रू मात्र मोठ्या माणसाचे.
सातेरी.

"एवढं निवडून काय करूलालासा?
सरकारी येतातच की."

येतात.
गेल्या साली गणिताच्या गठ्ठ्यात गणित होतं
आणि परिसर अभ्यासाच्या गठ्ठ्यातही गणित.

बेरीज सतराशे सहासष्ट.
मी दारापर्यंत जातो, परत येतो.
"एक कानडी पहिलीचं."
"कुणाला?"
"आहे एक. मागं बसतो."

सव्वीस वर्षं झाली नोकरीला.
तालुक्याहून पत्र येतं,
मी तारीख वाचतो, शिक्का बघतो, सही ओळखतो,
मधल्या ओळी आल्या
की खोकतो.

रात्री सगळ्यांना खाकी कव्हरं घातली.
इयत्ता झाकली, वर नाव लिहिलं, नुसतं नाव.
डिंक संपला तेव्हा भाताची शितं लावली.
एकावर नाव लिहायला हात गेला नाही.

सोमवारी सातेरीनं त्याचं पुस्तक
आधी मागून उघडलं, मग मधून,
मग मोटरच्या पानावर बोट ठेवून बसून राहिला.
वाचलं का नाही, विचारलं नाही मी.
मल्लव्वानं बिननावाचं उचललं,
पहिल्या पानावर हसली, गावाकडचं कुणी भेटल्यासारखी,
आणि मुकाट्यानं माझ्या टेबलावर ठेवलं,
माझ्या बाजूला तोंड करून.

बायजाचं मधल्या सुट्टीतच संपलं.
आता ती दुकानाचं बिल वाचूलालीय, मोठ्यानं, पैशांसकट.
"सर, हे चौतीस रुपयांचं कुणाचं?"

मला खोकला आला.

सातेरी उठला,
आणि त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.