फळ्यावरचे आकडे

शरणपूर रोडच्या मागे, गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाला बसतो,
त्याच्या पलीकडे आमचं चर्च.
किल्ली माझ्याकडे. वडिलांकडून आली,
मधुमेहासारखी.

दर रविवारी साडेआठला दार ढकलायचं.
आत वटवाघळांचा वास,
कुठल्या तरी जुन्या नाताळातला कागदी तारा,
आणि डाव्या भिंतीवर गीतांचा फळा:
एकशे बेचाळीस. सात. तेहतीस.
पेटी वाजवणारे थिओफिल मास्तर गेले त्या आठवड्याचे आकडे.
बदलायचे राहिले, ते राहिलेच.
गाणारंच कुणी नाही, मग आकडा कुणाला लागतो?

आम्ही अकरा जण, दोन बाजूंना.
मधली वाट म्हणजे दिवाणी दावा,
मागच्या पंधरा गुंठ्यांचा,
जिथे आमच्या आज्या पुरलेल्या आहेत
आणि बिल्डरला पार्किंग दिसतं.
उजवीकडे मी. डावीकडे आमोस रणपिसे,
माझ्या सख्ख्या मावशीचा मुलगा.
नऊ वर्षं अबोला.
एकमेकांना शांती द्यायची वेळ आली
की मी छताकडे बघायचो, तो चपलांकडे.

खरं सांगतो,
मी देवाला भेटायला जात नव्हतो.
कुलूप गंजू नये म्हणून जात होतो.

उपवासकाळातला पहिला रविवार.
पाळकसाहेबांची बदली मनमाडला, नवे आलेच नाहीत.
बाहेर द्राक्षांच्या क्रेटनी भरलेला पिकअप पंक्चर होऊन उभा.
सकाळचा गारठा बाकांना चिकटलेला.
आम्ही नुसते बसून राहिलो.
निघून जायलाही आधी कुणीतरी उठावं लागतं.

उठल्या कृपाबाई.
अर्धं चर्च त्यांच्या हातावर जन्मलं,
आता नव्वदीला टेकल्यात. अक्षरओळख नाही.
पापकबुली ऐकून ऐकून पाठ झालेली,
सुरुवात बरोबर केली, "बापा, आम्ही..."
आणि अडकल्या. पुढचं आठवेना.
मग जे आठवलं तेच बोलल्या:
"मी सुनेच्या ताटातल्या भाकरी मोजायचे.
ब्याऐंशी साली. ओली बाळंतीण होती ती."
आणि बसल्या. गुडघे वाजलेले सगळ्यांना ऐकू आले.

पुस्तकातलं 'आम्ही' किती सोयीचं होतं.

बाहेर जॅक कुरकुरत होता.
मागच्या बाकावरून शमुवेल पाटोळेंची तिर्सा,
बारावीतली, म्हणाली,
"मी मैत्रिणींना सांगते, रविवारी क्लास असतो."
कुणी दटावलं नाही.

मग मला न विचारता माझे पाय उभे राहिले.
म्हणालो, त्या सभेचं इतिवृत्त मी घरी बसून लिहिलं.
सह्या सात.
त्यातले दोघे तेव्हा मागेच होते, चिंचेखाली,
एक पाच वर्षांपासून.

आमोस उठला, बाहेर गेला.
चपलांचा आवाज फाटकापर्यंत गेला.
झालं, म्हटलं. आता हे वाक्य कोर्टात ऐकायचं.

परतला तेव्हा हातात पंक्चरवाल्याची बादली,
ट्यूब बुडवून
हवा कुठून जाते ते शोधतात, ती.
बाप्तिस्म्याचं दगडी कुंड
पारव्यांनी कधीचं भरून टाकलेलं.
बाह्या सारून तो घासायला लागला.
मी जवळ गेलो.
वर न बघता म्हणाला, "फडकं धर."
नऊ वर्षांनंतरचे दोन शब्द.

आग उतरली नाही, भिंती हलल्या नाहीत.
दावा चालूच आहे, पुढची तारीख जूनमध्ये.
माझा वकील म्हणतो, तू वेडा आहेस.
पुढच्या रविवारी अकराचे नऊ झालो,
एक आजारी, एक माझ्यावर चिडलेला.

फक्त तिर्सा लवकर आली.
स्टुलावर चढून तिनं एकशे बेचाळीस काढला,
सात काढला, तेहतीस काढला.
खालचं लाकूड नव्यासारखं होतं.
"कोणतं गीत घालू?" तिनं मला विचारलं.
माझ्या तोंडाला कोरड.
इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं,
तुला काय गायचंय म्हणून.

कृपाबाई म्हणाल्या, "राहू दे मोकळा.
आधी सूर लागू दे."