दीड वेढा

उद्यमनगरात दस्तगीरभाई म्हणाले, साडेतीन हजार.
मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून, बुटक्या घालून, फिरवून बघून.
चहा पाजला, पण रुपया कमी केला नाही.
मी येताना हिशेब केला :
ग्राइंडरची चकती पस्तीस रुपये,
जॅक उसना,
आणि रविवार तर आपलाच असतो.

बावड्यात दारातच गाडी मागून उचलली.
काढलेली चाकं तिच्या पोटाखाली सरकवली,
न जाणो.
शॉकअपचा खालचा बोल्ट गंजून जागेवरच म्हातारा झालेला.
त्याला डिझेल पाजलं, शिव्या घातल्या,
पान्यावर पाइप चढवून लोंबकळलो.
कट्ट.
वाटलं तुटला. सुटला होता.
मग स्प्रिंग हातात आली,
हलणारा दात यावा तशी, सहज.

वैजू गळ्यात टेप घालून उंबऱ्यात उभी.
गल्लीतले निम्मे ब्लाऊज तीच बेतते.
"दोन्ही मापलास?"
म्हटलं, कंपनीच्या आहेत, एका मापाच्याच असणार.
"माणसाचे दोन खांदे एका मापाचे नसतात.
आणि मार्जिन ठेव रे.
कापड मी कसंबी जोडतो, लोखंड कोण जोडणार?"

दीड वेढा. खूण तिच्याच खडूची.
ठिणग्या धुण्याच्या दगडापर्यंत उडाल्या.
भाकरीला जळकं लोखंड लागतंय
असं आई दोन दिवस म्हणत होती.

दिवेलागणीला गाडी खाली सोडली, रस्त्यापलीकडून बघितली.
बसली होती, झकास बसली होती,
पण एका अंगाला.
उजव्या हातात भरलेली बादली घेऊन
निघालेल्या माणसासारखी.
वैजूनं चाकाच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेप सोडला,
डावीकडं चोवीस, उजवीकडं सव्वातेवीस,
आणि काही बोलली नाही.
घरी कापून बिघडवलेले ब्लाऊज तिच्याकडं रोज येतात.
त्या बायकांनाही ती काही बोलत नाही.
फक्त उसवायचे पैसे वेगळे लावते.

सोमवारी दस्तगीरभाई खाली वाकलेसुद्धा नाहीत.
"बॅटरीवाल्या महिपतरावांची गाडी न्हवं ही?
डावं मागचं दार जाम होतं हिचं.
बारा वर्सं तुझ्या आबानं इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या
उजव्या दारानं चढवल्या, आणि तिथंच ठेवल्या.
आत कोण सरकवतंय?
एक स्प्रिंग दमलीया, एक न्हाई.
तू दोघींचं सारखंच कापलंस."

ते दार आबा गेल्यावर मीच दुरुस्त केलं होतं.
नव्वद रुपयांचं लॅच, अर्धा तास.
तेव्हा लई हुशार वाटलं होतं.
गाडी तर आम्हाला कायम सरळच दिसायची,
आम्ही तिच्यात बसूनच मोठे झालो.

"आता चार हजार," दस्तगीरभाई म्हणाले.
वरचे पाचशे कसले?
"उसवायचे,"
वैजू मागून म्हणाली,
आणि ते दोघं हसले,
एकाच धंद्यातले असल्यासारखे.

मी अजून पैसे दिलेले नाहीत. दिवाळीनंतर बघू.
कापलेले दोन तुकडे तिच्या टेबलावर आहेत,
पेपर कटिंग उडू नये म्हणून.
उजव्याचा कुठला, डाव्याचा कुठला,
आता मलाही सांगता येत नाही.
बाजारातून येताना गतिरोधक दिसला
की ती मागच्या सीटवर, डावीकडं सरकून,
दोन्ही हात टेकते
आणि स्वतःला जरासं उचलून धरते.
त्यानं काही होत नाही, मी सांगितलंय.
खालून खर्रर्र वाजतंच.
ती तरी उचलते.