येण्याचे कारण

रजिस्टरात चार रकाने: नाव, गाव, गाडी नंबर,
येण्याचे कारण.
मी लिहिलं, 'पाणलोट प्रशिक्षण, दोन दिवस.'
माझ्या वरच्या ओळीत कुणीतरी लिहिलेलं, 'केटरिंग.'
पुंजारामनं किल्ली दिली. खोली सात.
"पयले बायांचा मठ होता जी. काळे कपडे घालत.
सात नंबरवाली शेवटची. तिच्यामागं कुलूप,
मंग हे लॉन."

दार बुटकं, वाकल्याशिवाय शिरता येत नाही.
चार्जिंगचा पॉइंट दिव्याच्या कोनाड्यात;
दोनदा ऑइल पेंट मारूनही
काजळी आपली वर येतेच.
खिडकीबाहेर पऱ्हाटी, बोंडं फुटून लोंबणारी.
दिवसभर सभामंडपात स्लाइडवर नाला खोलीकरण,
दुपारी पंगतीच्या ओट्यावर बुफे.

रात्री वरात आली.
डीजेच्या ठोक्यानं माझा मोबाइल
थरथरत कोनाड्याच्या काठापर्यंत सरकला.
साडेदहाला दार वाजलं.
नवरी. शालू दोन्ही हातांनी उचललेला,
सँडल काखेत.
"ताई, मले जराशीक बसू द्या. कोणाले सांगू नोका."

मी काही विचारलं नाही.
भिंतीला टेकून ती फरशीवर बसली, पाय लांब केले.
टाचेला फोड आलेला.
खोली एवढीशी, की तिच्या पायांपुढं माझा पलंग
आणि पलंगापुढं भिंत.
"कडी आतूनच हाये ना?"
"आतूनच."
मग तिनं डोळे मिटले.
दहा मिनिटं, फार तर बारा.

बाहेर माइकवर कुणी ओरडू लागलं,
नवरीकडच्यांनी लवकर स्टेजवर यावं.
पदराला लागलेला चुना तिनं झटकला,
"येतो ताई," म्हणाली,
आणि वाकायला विसरली.
चौकटीत मुंडावळी अडकली,
एक मोती तुटून पलंगाखाली गेला.

सकाळी मी तो शोधला. सापडला नाही.
निवासव्यवस्था: उत्तम, बरी, असमाधानकारक.
कशावरच खूण न करता फॉर्म दिला.
फाटकाशी पुंजारामनं रजिस्टर पुढं केलं,
जाण्याची वेळ, सही.
मी आदल्या दिवसाचं पान उलटून पाहिलं.
"लग्नवाल्याइले लिहा लागत नाही जी."
"आणि सात नंबरवालीला? ती कशाला आली होती?"
"तवा कोण इचारे?" म्हणत
तो कमानीवरची झेंडूची माळ
ओढून काढू लागला.